पॅनेलवर मी एकटाच

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
आज रात्री मात्र मीच पॅनेल,
मीच चेअरमन, मीच डॉक्टर-सदस्य,
आणि काउंटीच्या कचेरीतली ती बाईही मीच,
जिच्या चेहऱ्यावरून म्हणे काहीच कळत नाही.
नखांतलं ग्रीस निघालं नाही,
म्हणून हात टेबलाखाली ठेवलेत.

समोर मिल्का.
अंगात बहिणीचा कोट, किबुयेच्या जुन्या बाजारातला,
बाह्या चार बोटं लांब.
टाचण्या लावून आत दुमडल्यात.
हातवारे केले की टोचतात,
तेव्हा हात न हलवता बोलायचा सराव
वेगळा चाललाय.

"स्वतःबद्दल सांगा," मी घसा खाकरतो.
"अकरा वर्षं नोंदणीच्या खिडकीवर..."
"खिडकी नको. फ्रंट ऑफिस म्हण."
"अकरा वर्षं फ्रंट ऑफिसात," ती म्हणते,
हसू दाबते, आणि टाचणी टोचते.

आकडे तिला तोंडपाठ :
बेड किती, भरलेले किती,
पेशंट सरासरी किती दिवस राहतो,
सलाईनचा साठा कितव्या आठवड्यात तळ गाठतो.
वीज गेलेली. किसुमूच्या सरोवरावरची चिलटं
कंदिलाच्या काचेवर येऊन मरतायत
आणि ती जनरेटरच्या डिझेलचा हिशोब सांगतेय
लिटरवारी, न अडखळता.
माझ्या इंजिनांचा मला इतका येत नाही.

मग सातवा प्रश्न.
"थकीत बिलांची वसुली कशी वाढवाल?"

ती गप्प.
शेजारीण वाळलेली ओमेना पत्र्यावरून खरवडतेय,
तेवढाच आवाज.

"बेड नंबर सव्वीस," ती म्हणते.
कागदावरच्या उत्तरात हे नव्हतं.

"अपोंडी नाव तिचं. बाळंतीण.
डिस्चार्जवर शिक्का मीच मारलेला, चौथ्या दिवशी.
पण बिल फिटेना, म्हणून फाटकाचा पास मिळेना,
आणि पास नाही म्हणून रोजचं बेडचं भाडं चढायचं.
जायला पैसे नाहीत म्हणून राहायचं,
राहिली म्हणून आणखी पैसे.
रोज सकाळी बाळ घेऊन खिडकीशी यायची.
आज किती झाले?
मी आकडा सांगायचे.
कधी एका शिलिंगानंही चुकले नाही.

बाविसाव्या दिवशी रखवालदार चहाला गेला
आणि ती गेली.
वहीत त्याला रकाना आहे : फरार.
मी भरला तो, चांगल्या अक्षरात."

जरा थांबून,
"ओलुओचला चहाला मीच नेलं होतं."

सहा वर्षं झाली त्याला.
एवढी वर्षं एका ताटात उगाली खाल्ला आम्ही
आणि हे मला आज कळतंय, पॅनेल म्हणून.
चेअरमननं काय लिहायचं असतं अशा वेळी?
मी कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली.
तिला ग्रीस लागलं.

"हे उद्या सांगू नकोस," मी म्हणालो.
"वेडी आहे का मी?"
मग पाठ केलेलं घडाघडा म्हणाली :
दाखल होतानाच विम्याची चौकशी,
पहिल्या दिवशीच समाजसेविकेशी गाठ,
झेपतील असे हप्ते.
"चांगलं आहे उत्तर," मी म्हटलं.
"खरंही आहे," ती म्हणाली,
"अपोंडीला मी विम्याचं विचारलंच नव्हतं.
रांग मोठी होती."

कोट काढून तिनं खुर्चीच्या पाठीवर घातला,
खांदे नीट बसवले,
जणू आत अजून कुणी आहे.

एकच प्रश्न उरला होता, तो मी वाचला,
कारण पॅनेलनं तो विचारायचाच असतो.
"आम्हाला काही विचारायचंय?"

"हो.
या पदावरच्या माणसाकडे
फाटकाची किल्ली असते का?"

मला ठाऊक नव्हतं.
मी खोटंच एक पान उलटलं.

"चेअरमनसाहेब," ती म्हणाली,
"वात खाली करा. काच काळी पडतेय."